भोपळीच्या आवारात

ताईने हौदाच्या तळाचं शेवाळ खराट्याने खरवडलं आणि पाठीला रग लागली म्हणून ती सरळ झाली. तेवढ्यात शेजारच्या आवारातून धडक बसली. मधल्या कुंपणाच्या जाड फळ्या थरथरल्या.

फळ्यांपलीकडे रानरेडा होता. जखमी जनावरांच्या या आसऱ्यात तो लंगडत आला होता. औषधपाण्याने पाय बरा झाला, खाऊनपिऊन अंगात मस्ती आली, आणि आता त्याला चार भिंती नकोशा झाल्या होत्या.

“ताई, बाहेर ये,” फाटकावर बंदूक घेऊन पहारा करणारा धाकटा भाऊ म्हणाला. “तो बिथरलाय आज.”

“हौद धुते नि येते.”

“हौद कुठे पळून जातोय?”

ती हसली. झाडाच्या सावलीत भोपळी हातपाय पसरून पडली होती. पिल्लू असताना ही अस्वलीण भोपळ्यासारखी गोल होती, म्हणून ते नाव पडलं. ताईनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता ती मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं डोकं फाटकाच्या वर जाई. तरी ताई दुपारची तिच्या पोटाला टेकून डुलकी काढायची. भाऊ म्हणायचा, “जनावर ते जनावर.” त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं: “आणि माणसं काय गोमटी लागून गेली?”

दुसऱ्या धडकेला फळ्या फुटल्या.

रेडा आत घुसला तो शिंगावर फळीचा तुकडा घेऊनच. समोर हलणारं एकच होतं, ताई. ती पळायला वळली, बाहेर काढून टाकलेल्या शेवाळावर पाय सटकला आणि हौदाच्या कठड्याशी आडवी झाली. भावाने बंदूक उचलली, पण नळीच्या रेषेत बहीण होती. रेड्याने मान खाली घातली.

भोपळी ओरडली नाही. ती बाजूने आली, आणि सगळ्या वजनानिशी त्याच्या खांद्यावर आदळली. रेडा कोलमडता कोलमडता सावरला आणि शिंगं तिच्याकडे वळवून धावला. ती शिंगांना सामोरी गेलीच नाही. उभी राहिली, त्याला अगदी जवळ येऊ दिलं, ऐन वेळी कुशीला सरकली आणि दोन्ही पंजे त्याच्या मानेवरून टाकले. नख्या खांद्याच्या मांसात रुतल्या. रेड्याने शिंग हाणलं. तिची बरगडीवरची कातडी फाटली. पकड सुटली नाही. तिने त्याचं नाक तोंडात धरलं, मान पिरगाळली आणि अंगाचा सगळा भार त्याच एका बाजूला टाकला. रेड्याचा श्वास घुसमटला. पुढचे गुडघे वाकले. मग सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

ताईने हे सारं हातभर अंतरावरून पाहिलं.

रेडा गतप्राण झाला होता. भोपळी मात्र थांबली नव्हती. ती फाडत राहिली, फाडत राहिली. शेवटी तिने रक्ताळलेलं तोंड वर करून ताईकडे पाहिलं. ताईने हाक मारायला ओठ उघडले. नाव काही बाहेर आलं नाही.

“ताई,” भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, “मारू?”

तिने मानेनेच नको म्हटलं. कठड्याला पाठ घासत ती फाटकाकडे सरकू लागली. भोपळी एक पाऊल पुढे आली. थबकली. मग वळून रेड्याला झाडाकडे ओढत घेऊन गेली.

भोपळीला टाके पडले, ताप आला, उतरला. जो तो येऊन तिचं कौतुक करून जाई. सगळ्यात जास्त भाऊच करायचा. “पोटची पोरगी काय करेल असं केलं तिनं, ताई!”

“हो तर,” ताई म्हणायची आणि कामाला लागायची. जखम धुवायला आत कोण जाणार म्हटलं की डॉक्टरांकडे बोट दाखवायची.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी आत जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या सकाळी भावाने स्वतःच फाटकाचं कुलूप काढलं आणि तो बाजूला झाला. भोपळी डुलत डुलत आली आणि गजांना अंग टेकून बसली. तिच्या केसांचे झुबके गजांमधून बाहेर आले. ताईने कडीवर हात ठेवला.

“जा की,” भाऊ म्हणाला. “कधीची वाट बघतेय ती.”

ताईचा हात कडीवरच राहिला.

“आज नको. पाय दुखतोय.”

त्याने तिच्या पायाकडे पाहिलं नाही. त्याने कुलूप पुन्हा अडकवलं आणि भोपळीसाठी आणलेल्या कलिंगडांच्या पाटीशी उकिडवा बसून चाकू उघडला.

“कापून आणू का, ताई?”

“बारीक काप,” ती म्हणाली. “गजांतून गेलं पाहिजे.”