जावयाच्या गाडीचा आवाज

जावई म्हंजे दहावा ग्रह म्हणतेत. बाकीचे नऊ निदान वरतीच ऱ्हातेत. हा दारात येऊन गाडी लावतो.

मी तातेराव मिस्त्री. वडीगोद्रीला हायवेच्या कडंला माझं गॅरेज, मागं दोन खोल्या, त्यातच संसार. ट्रॅक्टर, जीप, ट्रक, जे बंद पडंल ते माझ्या दारात येतं. २००७ साली धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आल्ता. अधिक महिना आला की जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हंजे नारायण. आमची एकुलती एक बेबीनंदा, लग्नानंतरचा तिचा पहिलाच धोंडा. माझी बायको झुंबर तर कधीपासून हरखून गेल्ती.

जावयाचं नाव धर्मराज. आता नावाला काय नावं ठिवायची, आईबापानं हौसेनं ठिवलं आसंल. कुंभार पिंपळगावच्या पुढं, कॅनॉलच्या पल्याड, शेतात मोठं घर. मोसंबीचा बाग, ऊस, आन् दारात टर्बोची स्कॉर्पिओ. आम्ही घर पाह्यलं, बाग पाह्यला, गाडी पाह्यली. माणूस पाह्याचा ऱ्हाऊन गेला.

झुंबरनं त्याला विचारलं, बापू, वाणात काय देऊ, अंगठी का कपडे? तर म्हणला, मला मामांच्या हातचं काम पाहिजे. औरंगाबादहून डब्यात पॅक केलेला व्हॉल्व घेऊनच आल्ता.

काम आसं होतं. टर्बोतून निघालेला धूर पाइपानं सायलेन्सरात जातो आन् तिथं त्याचा आवाज मरतो. ह्याला सायलेन्सरच्या आधीच पाइप कापून तिथं दुसरं तोंड काढून पाहिजे होतं. त्या तोंडाला झडप, झडपेला बारकी मोटर, आन् मोटरचं बटन स्टेरिंगपाशी. बटन दाबलं की झडप उघडती, धूर सायलेन्सरला बगल देऊन सरळ बाहेर येतो आन् गाडी डरकाळ्या फोडती. परत दाबलं की गाडी गरीब गाय.

मी म्हणलं, बापू, आवाजाची हौस हाय तर उघडंच ठिवा की, बटन काहून?

"न्हाई मामा," तो हसून म्हणला. "रोडवर आवाज पाहिजे. घरी जाताना बिलकुल नको."

मला वाटलं, गोठ्यातल्या म्हशी बुजत असतील. किती विचाराचं पोरगं, आसं बी वाटलं. थू माझ्या अकलेवर.

सकाळच्या पारी गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. ग्रायंडरनं पाइप कापला, तोंड वेल्डिंग करून बसवलं, झडप कसली, वायर ओढली. बटन दाबून दाखवलं. गाडी आशी काही वरडली की समोरच्या हाटेलातलं गिऱ्हाईक उठून बाहेर आलं. धर्मराज खूष. शहागडच्या पुलापर्यंत चक्कर मारून आला, येताना झडप बंद करून. खरं सांगतो, दारात येऊन उभा राह्यला तरी मला कळलं न्हाई.

मंग झुंबरनं त्याचे पाय धुतले. धोंडे खाल्ले, वर तूप ओतून घेतलं, आन् नारायण कूलरपुढं घोरायला लागले. मी गाडीखाली खड्ड्यात नटबोल्ट परत एकदा कसून राह्यलो होतो. बेबीनंदा येऊन काठावर बसली. ही पोरगी ह्याच खड्ड्याच्या काठावर लहानाची मोठी झाली. मला पाना मागावा बी लागायचा न्हाई, हात वर केला की बराबर तोच हातात यायचा.

"आबा," ती म्हणली, "ही झडप बंदच होऊ नये, आसं करता येतं का?"

मला वाटलं, तिला बी हौस लागली. म्हणलं, नवऱ्याला सांग. तर पदरानं हात पुसत राह्यली. हात कोरडेच होते.

"गाडी दारात आल्याबिगर कळत न्हाई आबा. आवाज आसला तर कॅनॉलपासून कळंल. तेवढ्यात मला सगळं नीट करता येईल."

मी विचारलं, काय नीट करायचं असतं? ती म्हणली, कधी रेडिओ चालू असतो. कधी सालगड्याची बायको सखूबाई येऊन बसलेली असती. कधी मी नुसतीच पडलेली असते. त्यान्ला काहीच चालत न्हाई.

मी विचारलं, मारतो का? ती रोडकडं पाह्यला लागली. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"तुम्ही झडपेचं बघा," ती म्हणली.

मी हात बी न धुता झुंबरकडं गेलो. म्हणलं, ह्या नारायणाला आत्ता उठवतो आन् हायवेवर नेऊन सोडतो. तिनं माझं तोंड दाबलं. आज पाय धुतलेत त्यांचे, म्हणली, आज काही बोललात तर पोरीचंच नाव खराब होईल, गाव म्हणंल धोंड्याला बोलवून जावयाला हाकललं. धोंडा होऊ द्या, मंग बोलू. आन् मी, ज्यानं ट्रकवाल्यांच्या गचांड्या धरल्यात तो मी, गप बसलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतेत ना, तो आसा असतो.

मंग खड्ड्यात उतरलो, झडप उघडली आन् तिच्या दांड्याला वेल्डिंगचा एक टाका मारला. आता बटन दाबलं तर मोटर घुर्र करंल, झडप जागची हलणार न्हाई. बापानं करायचं ते मी मिस्त्री होऊन केलं.

दोघं गेले तेव्हा कितीतरी वेळ गाडीचा आवाज येत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, झडप बंद होईना. मी म्हणलं, टर्बोची उष्णता लई, बापू, झडप फुगून आडकती, सगळ्यांच्याच आडकतेत. परत काही त्याचा फोन आला न्हाई. मला वाटलं, जितलो. रात्रंदिवस मनात म्हणायचो, आता माझ्या पोरीला कॅनॉलपासून कळतं. झुंबर म्हणायची, बघा, न बोलता भागलं का न्हाई.

पंचमीला तिला आणायला गेलो. पिंपळगावला यष्टीतून उतरलो, पुढं पायी. घरी ती एकटीच होती. लई वाळली होती. मला पाहून हसली, चहा ठिवला. रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

तेवढ्यात कॅनॉलकडून गाडीचा आवाज आला. माझंच काम, मी ओळखलं न्हाई तर कोण ओळखंल. तिनं उठून रेडिओ बंद केला. मी खुशीत म्हणलं, बघ, कुठून कळलं. आन् आवाज थांबला. एकदम. ती तिथंच उभी राह्यली, एक डोळा पुढच्या दारावर, एक मागच्यावर.

मी म्हणलं, गाडी बंद पडली का काय?

"न्हाई," ती म्हणली. "तिथं झाडाखाली लावतेत आन् बांधाबांधानं पायी येतेत. कधी पुढून, कधी मागून. पहिले दारात आल्यावर तरी इंजनाचा आवाज यायचा आबा. आता काहीच येत न्हाई."

चहा उतू गेला. तिनं बघितलं बी न्हाई.

मागचं दार उघडलं. धर्मराज आत आला. पाय अनवाणी, चिखलानं भरलेले, आन् चपला हातात. सोताच्या घरात माणूस चपला हातात घेऊन येत होता. मला पाह्यलं तशा हळूच खाली ठिवल्या आन् म्हणला, "मामा, कधी आलात? आवाज बी न्हाई दिला."

मला त्याचं नरडं धरायचं होतं. पण पोरगी मधी उभी होती. मी म्हणलं, पंचमीला न्यायला आलो. तिची पिशवी मीच भरली. ते पाय धुतल्याचं पाप कुठं फिटणार, तेवढाच विचार डोक्यात. कॅनॉलवर झाडाखाली ती गाडी उभी होती. बेबीनंदानं मान फिरवून घेतली.

परत तिला धाडली न्हाई. त्याच्याकडचे बैठकीला आले, चार शहाणे आमच्याकडचे बी बसले. म्हणले, मारलं का? पेऊन येतो का? बाहेरचं काही लफडं? मंग काय झालं? मी म्हणलं, तो चपला हातात घेऊन घरात येतो. सगळे एकामेकाकडं पाह्यला लागले. एक जण तर हसला. पोरीला नांदायचंच न्हाई, बापाला आक्कल न्हाई, आसं ठरवून चहा पिऊन गेले. झुंबर अजून बी म्हणती, धोंड्यातच बोलायला पाहिजे होतं. मी म्हणतो, तोंड कोणी दाबलं होतं? मंग दोन दिवस आमचं बोलणं बंद.

आता पोरगी गॅरेजच्या मागच्या खोलीत ऱ्हाती. हायवे दाराशीच, ट्रक, यष्ट्या, हॉर्न, वर माझा हातोडा. ह्या गोंधळात ती गाढ झोपती. मी म्हणायचो, बरं झालं, विसरली.

हिवाळ्यात विजेसाठी रास्ता रोको झाला. दुपारी हायवे बंद पडला, दोन्ही अंगाला गाड्या उभ्या, इंजनं बंद. येवढी शांतता वडीगोद्रीनं कधी पाह्यली नसंल. मी आत डोकावलो तर बेबीनंदा झोपेतून उठून बसली होती. डोक्यावर पदर, अंगाखालची गोधडी घडी घातलेली, डोळे दारावर. मी म्हणलं, रस्ता बंद हाय बाई, कोणी न्हाई आलं. झोप. तिनं मान हलवली, पण पडली न्हाई.

अंगणात दुरुस्तीला आलेला ट्रॅक्टर उभा होता, सायलेन्सर काढलेला. मी जाऊन चालू केला. सगळा रोड हादरला. थोड्या वेळानं आत पाह्यलं तर ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती.

तिकडून एक पुढारी तरातरा आला. कानावर हात ठिवून म्हणला, मिस्त्री, तिकडं भाषण चालू हाय, बंद करा हे जल्दी.

"न्हाई जमणार," मी म्हणलं. "माझी पोरगी झोपलीय."