चूक क्रमांक एकशे त्रेचाळीस

नदीराज्याच्या गाथेचे सहाही खंड वाचलेल्या माणसाला टीव्हीसमोर बसवू नये, आणि तो माणूस एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक असेल, तर त्या खोलीत दुसऱ्या कुणी बसू नये. जावई बसायचा. त्याचा नाइलाज होता. टीव्ही त्याचा होता, सोफा त्याचा होता आणि लग्नात मिळालेला सासराही त्याचाच होता.

दर रविवारी दुपारी बाबा लेकीकडे यायचे, वही उघडायचे आणि गाथेवरच्या मालिकेच्या चुका टिपायला बसायचे. पुस्तकात राजवाड्याला अकरा बुरूज, इथे नऊ. पुस्तकातला सेनापती डावखुरा, इथला नट उजव्या हाताने तलवार परजतो. पुस्तकातला पाणसर्प मुका, आणि इथे तो चांगली चार मिनिटं भाषण ठोकतो. सात भागांत एकशे बेचाळीस चुका झाल्या होत्या. छापखान्यात लोक त्यांना ‘शुद्धिपत्रक’ म्हणायचे. ती थट्टा आहे हे त्यांना निवृत्त झाले तरी कळलं नव्हतं.

“लेखकाच्या शब्दाला हात लावायचा अधिकार कुणालाही नाही,” जाहिराती लागल्या की ते जावयाला सुनवायचे. “कुणालाही नाही. कळलं?”

“कळलं, बाबा,” जावई म्हणायचा. सात रविवार त्याला हेच कळत होतं.

आठव्या रविवारी नावाडीण बुडाली. ही नायिकेची आई. पुरात लेकीला पैलतीरावर सोडून ती माघारी निघते, नाव उलटते आणि खेळ खलास. पाण्यावर नुसतं वल्हं तरंगताना दाखवलं आणि भाग संपला.

लेक ताडकन उठली. “मेली? अशी कशी मेली? बाबा, ती तर परत येते! तिसऱ्या दिवशी, ओलीचिंब. दारात उभी राहते आणि म्हणते, ‘जेवलात का? माझी वाट नाही पाहिलीत?’ अहो, सगळ्या गाथेत तेवढंच तर खरं रडू येतं!”

बाबा वहीत बघत राहिले.

“लिहा की, बाबा,” जावई गोड आवाजात म्हणाला. “एकशे त्रेचाळीस.”

बाबांनी लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धडधडीत खोटी चूक काढली होती. मालिकावाल्यांना आठ भागांत एकदाच पुस्तकाशी इमान राखायची बुद्धी झाली, आणि तीही नेमकी इथे. पुस्तकातही नावाडीण बुडते. तिसऱ्या खंडात, दोनशे सतराव्या पानावर बुडते आणि पुन्हा वर येत नाही. तिला वर काढली ती बाबांनी.

लेक तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिची आई हॉस्पिटलात होती. बाबा संध्याकाळी तिथून यायचे, हातपाय धुवायचे आणि पोरीला गाथा वाचून दाखवायचे. त्या पानाशी आले तेव्हा पोरगी गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. बाबांच्या तोंडून ते वाक्य फुटेना. मग नजर पुस्तकावर ठेवून त्यांनी मनचंच सांगितलं. आठ दिवसांनी हॉस्पिटलातली आई गेली, नावाडीण मात्र ठणठणीत राहिली. लेखकाने बुडवलेली ही बाई पुढचे तीन खंड बाबांनी एकट्याच्या हिमतीवर जगवली. तिला लढाईवर नेलं, तापातून उठवलं, शेवटी दोन नातवंडंही दिली. लेकीने ते खंड स्वतः कधी वाचले नाहीत. ‘ते माझ्या कानात आहेत,’ म्हणायची. बाबांनीही कधी आग्रह केला नाही. कपाटाला कुलूप होतं आणि पानं ठिसूळ झाल्याचं निमित्त होतं.

“शनिवारी मी यावरच बोलणार,” लेक म्हणाली. वाचनालयात ‘पुस्तक की मालिका’ असा वाद ठेवला होता. ती पुस्तकाच्या बाजूने उभी राहणार होती आणि नवरा मालिकेच्या. “तिसरा खंड द्या मला. सगळ्यांसमोर ते पान उघडून वाचते आणि ह्याचं तोंडच बंद करते. शुक्रवारी संध्याकाळी येते घ्यायला.”

एखाद्या सरळ माणसाने तिला तिथेच बाजूला घेऊन खरं सांगितलं असतं. नाहीतर वाचनालयातली सगळी मंडळी तिला हसणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे बापाने आपल्याला काय ऐकवलं ते तिला चारचौघांत कळणार होतं. बाबांनाही हे दिसत होतंच. पण बाबा गेले छापखान्यात.

त्यांनी नावाडिणीचं ते आपल्या मनचं परत येणं कागदावर उतरवलं आणि जुन्या ऑपरेटरकडून छपाईसाठी जुळवून घेतलं. अक्षराचा वळसा तोच, ओळींमधलं अंतर तेच, वर पानाचा आकडा तसाच. मुद्रितं तीनदा तपासली. स्वतःच्याच मजकुरात दोन चुका सापडल्या तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. शुक्रवारी दुपारी त्यांनी पात्याने खरं पान कापलं आणि त्या जागी नवं डकवलं. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा अधिकार कुणालाही नव्हता, तो हा असा वापरला.

लेक तासभर लवकर आली. डिंक अजून ओला होता. तिने खंड उघडला तो आपोआप तिथेच उघडला. अवघं पुस्तक चहासारखं तपकिरी पडलेलं आणि मध्ये हे एक पान पांढरं शुभ्र. एकतीस वर्षं बाबांनी फक्त अक्षरं पाहिली होती. कागदालाही रंग असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने टेबलावरचं कापलेलं पान उचललं, उभ्यानेच वाचलं आणि हळूच खुर्चीत बसली.

“तुम्ही बदललंत?”

“हो.”

“तेव्हा?”

“तेव्हा. तू सहा वर्षांची होतीस गं. मला वाचवेना.”

बाबांना वाटलं, आता ती हसेल, गळ्यात पडेल. केलं होतं ते तिच्याचसाठी तर केलं होतं.

“आई गेल्यावर मी खिडकीत बसायचे, आठवतं?”

“आठवतं ना. ताटावर यायची नाहीस. दुःखाने तुझी भूकच मेली होती.”

“भूक होती, बाबा. मी तीन दिवस मोजत होते. आई आली नाही की वाटायचं, माझंच मोजणं चुकलं, मग परत पहिल्यापासून. आणि आधी कसं जेवणार? ती येऊन म्हणाली असती ना, माझी वाट नाही पाहिलीत?”

बाबांना तो महिना लख्ख आठवला. शेजारीपाजारी, डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळ्यांना विचारून झालं होतं की पोरगी जेवत का नाही. स्वतःला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांकडून हजारदा वदवून घेतलं होतं, स्वतः मात्र पहिल्यांदाच म्हणत होते.

“उद्या मी मालिकेच्या बाजूने बोलणार आहे,” ती म्हणाली. “नऊ बुरूज तर नऊ. त्यांनी तिला मरू तरी दिलं.”

मग तिने ते जुनं पान त्यांच्यापुढे धरलं. “वाचा. मोठ्याने. छापलंय तेवढंच.”

बाबांनी वाचायला सुरुवात केली. पूर आला, लेक पैलतीरावर उतरली, नावाडिणीने नाव वळवली. पुढच्या वाक्याशी त्यांचा आवाज थांबला आणि नजर पानावरून उठून भिंतीकडे जायला लागली.

“पुढे,” लेक म्हणाली.