तीन नंबर परत द्या

पिंपळनेरात कोण मेलं, कोणाची गाय सुटली आणि दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर कधी येणार, हे सहा वर्षं ताईबाई सांगत होती. टीव्हीवर. तीन नंबरला.

अंगणवाडी शिकवणारी बाई, आवाज असा की शेवटच्या पाटावरचं झोपलेलं पोर दचकून उठावं. सुकदेवनं गावात डिश उभारून केबल सुरू केली, तेव्हा तीन नंबर रिकामाच होता. त्यानं लग्नाचं शूटिंग करायचा कॅमेरा तिपाईवर ठेवला, समोर ताईबाईला बसवलं आणि म्हणाला, "अक्का, बोल." त्याच्या दुकानाच्या दाराला एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. ज्याला जे सांगायचं ते त्यानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावं. संध्याकाळी सातला ताईबाई चिठ्ठ्या वाचायची. आधी मौत, मग बाकीचं. वाचता वाचता एखाद्याला दोन शब्द सुनवायलाही ती कमी करत नसे. गाय दुसऱ्यांदा सुटली तर मालकाचं नाव घेऊन म्हणायची, "दोर ले भो, दोर."

याचा एक परिणाम झाला, तो तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्वी कोणी गेलं की भाऊबंदातला माणूस दारोदार सांगत फिरायचा. ते हळूहळू बंद पडलं. चिठ्ठी टाकली की झालं. नदीपलीकडच्या वस्तीला तर हे फारच सोयीचं होतं, कारण पांझरेवरचा पूल ओलांडून गावभर फिरायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा.

मग नव्व्याण्णव साली वरच्या लोकांनी चॅनलं डिजिटल केली. सुकदेवच्या जुन्या रिसीव्हरवर एकेक चॅनल मावळत गेलं आणि पडद्यावर नुसत्या खरखरणाऱ्या मुंग्या उरल्या. प्रत्येक चॅनलला चित्र उलगडून देणारी वेगळी पेटी, डिकोडर, हवा, आणि एकेका डिकोडरची किंमत ऐकून सुकदेव खाली बसला. शेवटी धुळ्याच्या रतिलालशेठनं बाजारपेठेत खोली घेतली, डिकोडरांची रांगच लावली आणि सुकदेवची केबल आपल्या नावावर केली. सुकदेव मालकाचा नोकर झाला. महिन्याच्या साठ रुपयांचे दीडशे झाले. चॅनलं चाळीस झाली खरी, पण गावातल्या निम्म्या टीव्हींचं बटण बारावर संपायचं. पुढचं पाहायचं असेल तर कन्व्हर्टर विकत घ्या. आणि जुन्या टीव्हीवर सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तीन नंबर, म्हणून शेठनं तिथे जाहिराती आणि पिक्चर लावले. ताईबाईला कोणी विचारलं नाही. सुकदेव एवढंच म्हणाला, "अक्का, आते ते बंद शे." त्याला मान वर करवत नव्हती.

ताईबाईला राग आला, पण तिनं तो गिळला. आपलं काय, दोन घटका बोलायला मिळत होतं ते गेलं, असं तिनं मनाला समजावलं. इथेच तिचं चुकलं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी नदीपलीकडची धुरपदाबाई गेली. ताईबाई आणि धुरपदाबाई एका गावच्या, एका गल्लीतल्या, एकाच मांडवात लग्न लागलेल्या. धुरपदाबाईला भाऊ नव्हता. बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडतं, मग तिरडी उचलतात. तिच्या अंगावर ते कोण घालणार, याचं उत्तर दोघींनी तरुणपणीच हसत हसत ठरवून टाकलं होतं. ताईबाई घालणार.

धुरपदाबाईच्या मुलानं, चिंधानं, सगळे करतात तेच केलं. सकाळीच पूल ओलांडला, चिठ्ठी लिहिली, डब्यात टाकली आणि तयारीला परत गेला. मौतीला सातची वाट कोणी पाहत नसे. मौतीची चिठ्ठी आली की सुकदेव लागलीच ताईबाईला बोलावून ती वाचायला लावायचा. पण त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. सुकदेव आता शेठच्या खोलीवर बसायचा. डबा मात्र दाराला तसाच टांगलेला होता, तो काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. चिंधाच्या टीव्हीवर कधीपासून मुंग्याच होत्या आणि दीडशे रुपये त्याला झेपत नव्हते, त्यामुळे तीन नंबर बंद झाल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. वस्तीतली पंचवीस-तीस माणसं जमली. गावातून कोणी आलं नाही.

ताईबाईला कळलं शुक्रवारी, भाजी घेताना. भाजीवाली सहज बोलून गेली. ताईबाईच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. रस्त्याच्या पलीकडे चिंधा उभा होता. तिनं हाक मारली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून निघून गेला.

घरी येऊन ती रडली नाही. ती जिन्याखाली गेली. केबलची मोठी तार नदीपलीकडे जायची ती ताईबाईच्याच धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून. धाब्यावर सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरची पेटी होती, आणि पेटीला वीज ताईबाईच्या घरातून. त्या बदल्यात तिचं कनेक्शन फुकट. जिन्याखालच्या खटक्याशी एक काळी पिन होती. ताईबाईनं ती उपसली आणि वायर गुंडाळून खिळ्याला टांगली. पलीकडची सव्वाशे घरं एका क्षणात गप्प झाली.

शनिवारी सुकदेव घामाघूम होऊन आला.

"अक्का, पिन लाव ना. पलीकडना लोके मन्हा जीव खाई ऱ्हायनात."

"तुन्हा जीव शे म्हणीसन खातस. धुरपदाना ते गया."

सुकदेवला तेही माहीत नव्हतं. ती त्याला तशीच त्याच्या बंद दुकानापाशी घेऊन गेली आणि दाराचा डबा उघडायला लावला. आत चार चिठ्ठ्या होत्या. धुरपदाबाईची सगळ्यात वर. सुकदेवनं ती वाचली आणि तो दुकानाच्या पायरीवरच बसला.

शेजारची कमलबाई मात्र भांडायला आली. तिची तार त्याच पेटीवरून होती. "एक बाई मरनी म्हणीसन बठ्ठास्नी टीव्ही बंद करशी का तू?" ताईबाई म्हणाली, "हा. करसू." आणि दार लावून घेतलं. कमलबाई ओट्यावर उभी राहून अर्धा तास बोलत होती. गल्लीला त्या दिवशी मालिकेची उणीव भासली नाही.

रविवारी रतिलालशेठ स्वतः आले, पांढऱ्या मोटारीतून. माणूस गोड बोलणारा. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, कन्व्हर्टर फुकट देतो म्हणाले. मग म्हणाले, "बाई, जमाना डिजिटलचा आहे. चित्र बघा कसं काचेसारखं दिसतं. तुमच्या त्या चिठ्ठ्या कोण बघणार आता?"

"शेठ," ताईबाई म्हणाली, "तुमना त्या काचमा मन्ही बहीण मरनी ते दिसनं का?"

शेठ गडबडले. त्यांना वाटलं सख्खी बहीण. कोणी ती चूक दुरुस्त केली नाही, आणि माझ्या मते ती चूक नव्हतीच.

"ते वाईट झालं. पण धंद्याच्या गोष्टीत—"

"धंदा तुमना. धाबं मन्हं. वीज मन्ही. तीन नंबर माले परत द्या, पिन लावस."

शेठ उठले. त्यांचा गोडवा अर्ध्या पायरीवरच संपला. धाबी काय गावात कमी आहेत, असं म्हणत ते थेट कमलबाईच्या दारात गेले. पेटी तुमच्याकडे बसवतो, कनेक्शन फुकट, वर कन्व्हर्टर. ताईबाई आपल्या ओट्यावर उभी राहून ऐकत होती. तिला खात्री होती की कमलबाई हो म्हणणार. आदल्या दिवशीचं भांडण अजून दोघींच्या कानात होतं.

कमलबाईनं पदर खोचला. "शेठ, मन्हा धाबावर पापड-बिबड्या टाकेल शेतस."

"बिबड्या वाळल्या की बसवू."

"मंग दुसऱ्या टाकसू." मग तिचा आवाज खाली आला. "मन्ही सासू दोन वरीस अंथरूणवर शे, शेठ. उद्या तिन्ही चिठ्ठी कोण वाची? तुम्ही?"

शेठनी उन्हात उभं राहून गल्ली न्याहाळली. घराघराच्या ओट्यावर बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेठ हिशेबाला पक्के होते, या गल्लीत एकही धाबं मिळणार नाही हे त्यांना बघून कळलं. "पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "आणि भाषा जरा शुद्ध ठेवा."

"पंधरा चालतीन," ताईबाई म्हणाली. भाषेचं तिनं ऐकलंच नाही.

सोमवारी तिनं पिन लावली आणि संध्याकाळी सात वाजता ती शेठच्या खोलीत, डिकोडरांच्या घरघरीत बसली. सुकदेवनं कॅमेरा लावला. ताईबाईनं चिठ्ठी उघडली आणि जशी होती तशी वाचली. धुरपदाबाई, नदीपलीकडची वस्ती, मंगळवारी पहाटे, अंत्ययात्रा दुपारी. मग चिठ्ठी खाली ठेवली.

"हाई चिठ्ठी चार दिन डबामा पडेल व्हती," ती म्हणाली. "सुकदेवनी काढी नही. मी बी काढी नही. शेठले बोल लावाले मी बी पुढे, पन सांगू का, सहा वरीसमा मी पूल ओलांडीसन धुरपदाना घर कितला येळा गई? तीन येळा. तीन नंबरवर बठ्ठं समजस म्हणीसन घर बसनी. माहेरनं लुगडं मन्हा हातनं पडाले पाहिजे व्हतं. पडनं नही. गुरुवारले सकाय आठ वाजता नदीवर दहावं शे. ज्यास्नं मौतले येनं व्हयनं नही, त्यास्नी तठे यावं."

अजून दहा मिनिटं बाकी होती. ती उठली. सुकदेव खुणेनं बस म्हणत होता, बाकीच्या तीन चिठ्ठ्या तिनं त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तू वाच. तोंड शे ना तुले?"

बाहेर अजून उजेड होता. घरून तिनं लुगडं घेतलं, नवं, घडी न मोडलेलं, आणि पूल ओलांडला. पलीकडच्या घरांतून सुकदेवचा आवाज येत होता, अडखळत, डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल काहीतरी. माणसं दारांत येऊन तिच्याकडे पाहत होती.

चिंधा दाराच्या चौकटीला हात लावून उंबऱ्यात उभा होता. शेजारच्या टीव्हीवर त्यानं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो बाजूला झाला नाही.

"दुपारना दोन वाजालोंग ठेवं व्हतं मायले," तो म्हणाला. "तुन्हीच वाट देखी. आते टीव्हीवर सांगं म्हणजे व्हई गयं का?"

"नही व्हयनं," ताईबाई म्हणाली. "म्हणीसन पायी उनी."

चिंधानं लुगड्याकडे पाहिलं. मग त्यानं दाराच्या चौकटीवरचा हात काढला.