जळगावला न लागलेली धार

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. दप्तरातली, कागद कापायची नव्हे हं! मी शिंप्याची कात्री, अंगाने लांब आणि वजनाने दणकट. मेरठच्या एका भट्टीत गाडीच्या जुन्या पाट्याचे लोखंड तापवून, ठोकून मला घडवले. तिथून धुळ्याला आले ती फारुख मास्टरांच्या हाती, आणि त्यांचीच होऊन राहिले.

जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत आमचे दुकान. मास्टर बेतायचे, शिवायचे. त्यांची बायको रहिमाबी मागच्या खाटेवर बसून काजे आणि तुरपाई करायची. दोघांत बोलणे थोडेच, पण सूत असे जुळलेले, की मास्टरांनी नुसता हात मागे केला तरी रहिमाबी न बघता मला त्यांच्या हातात ठेवायची. ईदच्या आधी कपड्यांचा ढीग पडायचा. मास्टरांची कात्री लोण्यातून फिरते, असे गिऱ्हाइके म्हणायची. मला त्याचा भारी तोरा होता, आणि का नसावा?

मग एकदा मास्टर स्वतःचा पायजमा बेतू लागले आणि मी चमकले. आसन नेहमीपेक्षा बरेच सैल होते. पुढच्या पायजम्याचे आणखी सैल. वर गुडघ्याखाली उतरणारा सदरा. त्यांच्या अंडकोषाच्या पिशवीत एका बाजूला गाठ आली होती आणि ती हळूहळू वाढत होती. दुसरा कोणी असता तर कपडे तंग होऊन घरात कळले असते. पण हा माणूस पडला शिंपी! दुखणे वाढले की तो कापड वाढवायचा. रहिमाबी स्वयंपाकाला घरी गेली की हे पायजमे शिवून व्हायचे. लाजेपायी त्यांनी आपले अंथरूणही बाहेरच्या खोलीत हलवले. रहिमाबीला वाटले, आपलेच काही चुकले.

शेवटी मास्टरांनी डॉक्टर गाठला, तोही जळगावचा. धुळ्यात कोणी ओळखीचे भेटले तर? घरी सांगितले, कात्रीला धार लावायला जातो, जळगावचा धारवाला चांगला आहे. मला पिशवीत घातले होते, म्हणून पुढचे सगळे मी ऐकले. सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाले, ही पाण्याची साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, जिवाला धोका नाही. त्रास होत असेल तर चीर देऊन काढून टाकू. टाके पडतील, काही दिवस मशीनचे पायडल मारायचे नाही. आणि येताना घरच्या माणसाला घेऊन या. चिरेला मास्टर भ्यालेच, पण त्यांचे पाय खरे अडले ते या शेवटच्या वाक्यावर. पिशवी मांडीवर घेऊन ते एसटीने धुळ्याला परतले. माझी धार राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी रहिमाबीने मला उचलून एका चिंधीवर चालवले. चिंधी कापली जाईना, नुसती चुरगळली.

"हिला धार कुठे लागलीय?" तिने विचारले.

मास्टर वसकन अंगावर आले, म्हणाले, आपल्या कामाशी काम ठेव. पुढेही ते अधूनमधून जळगावला जात, दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन माघारी फिरत. दर वेळी निमित्त माझेच, आणि मी बोथट ती बोथटच. रहिमाबीने पुन्हा काही विचारले नाही. पण ती मला मास्टरांच्या हातात देईनाशी झाली, फळीवर ठेवून द्यायची. मित्रांनो, मला दोन पाती आहेत, पण जीभ नाही. असती तर म्हटले असते, अहो, सांगा हो त्या बाईला! काय कमी होणार आहे तुमचे?

एका दुपारी काज करता करता रहिमाबीच्या छातीत कळ आली. मास्टर रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळे आटोपले होते. सुई अर्ध्या काजात तशीच होती.

त्यानंतर मास्टरांना पायडलही मारवेना. शेजारी चहाचे दुकान चालवणाऱ्या सुपडूआबांनी त्यांची फेंगडी चाल बरोबर ओळखली. आबांचे तसलेच ऑपरेशन झालेले, आणि ते गावभर सांगत सुटलेले!

"भाऊ, लाजस कसाले?" ते म्हणाले. "चाल, मी शे ना संगे."

दोघे पांझरा नदीपलीकडे, देवपुरात डॉक्टर प्रशील यांच्याकडे गेले. या वेळी मला नेले नव्हते, पण आबांनी सगळी हकिकत दुकानात बसून मोठ्याने सांगितली. बोटाच्या पेराएवढ्या चिरेतून बारीक दुर्बीण घालून गाठ काढली आणि दुसऱ्या दिवशी मास्टरांना घरी सोडले. निघताना मास्टरांनी विचारले होते, ही दुर्बीण तेव्हा असती तर मी इतका थांबलोच नसतो ना?

"दुर्बिणीने जखम लहान राहते, सूज कमी येते, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा मोठी चीर देऊन केलं असतं, तरी तुम्ही बरे झालाच असता."

मास्टर तिथेच भिंतीकडे तोंड करून रडले, असे आबा म्हणाले. त्यांचाही आवाज तेवढ्यापुरता खाली आला.

पहूरला दिलेली मुलगी, नौशीन, बापाला बघायला आली. मास्टरांनी तिला दुकानातच सगळे सांगून टाकले. ती खाटेवर आईच्या जागी जाऊन बसली.

"अब्बा, अम्मी मला फोनवर विचारायची," ती म्हणाली. "जळगावला कोण असेल गं?"

"कोणी नव्हतं, बेटा. मी आजारी होतो."

एवढेच तर बोलायचे होते, मित्रांनो! पण ते ऐकणारी त्या खाटेवर नव्हती.

त्या सैल पायजम्यांच्या आता पुसायच्या चिंध्या झाल्या आहेत. मलाही धार लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक धारवाला बसतो, पहिल्यापासून बसतो. मला तेल द्या, गंजू देऊ नका, असे मागणे मी तुमच्यापाशी मागणार नाही. दुखणे शरीरात कुठेही असो, घरात सांगा. तुमच्या घरात कोणी उगीच घुमे झाले असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. एकदा रागावला तरी पुन्हा विचारा.

मास्टर आता पूर्वीसारखे काम करतात. कापड पसरतात, खडूने खुणा करतात आणि सवयीने हात मागे करतात. थोडा वेळ तो हात तसाच राहतो. मग ते उठतात आणि मला फळीवरून स्वतःच घेतात.