आदेशची जर्मन फौज

ऋतिकला एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीवरून उठून तो ओट्यावर जाई, तिथून मेंढरांच्या वाड्याकडे चक्कर मारी, परत येऊन ब्रश उचली आणि दोन मिनिटांत पुन्हा पाण्यात बुडवून ठेवी. समोर ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढे पन्नास जर्मन शिपाई उभे होते, प्रत्येक जण बाटलीच्या बुचाला चिकटवलेला. त्यातल्या एकाचाही रंग मनासारखा उतरला नव्हता.

फौज त्याची नव्हतीच. ती पिंपळवंडीच्या आदेशची होती. दोघं चाकणला एकाच कारखान्यात कामाला. महिन्यातला एक रविवार आदेश पुण्याला जायचा. तिथं दहा-बारा जण मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, पूल मांडून, मोजपट्टी आणि फासे घेऊन जुन्या लढाया खेळायचे. पुण्याच्या सार्थकनं दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेली हिंदी पलटण उभी केली होती, पण समोर शत्रू व्हायला कुणी तयार होईना. "जर्मन कुणीतरी व्हायलाच पायजे ना राव, नायतर लढायचं कुणाशी?" असं म्हणून आदेशनं ते अंगावर घेतलं. दीड वर्षात त्यानं चौतीस शिपाई पुरे केले होते, पन्नास रंगवायचे राहिले होते. त्यांच्या पट्ट्यांची बक्कलंसुद्धा चमकत.

मग जानेवारीत मोटरसायकल घसरली. चालवत ऋतिक होता, मागे आदेश. शेतरस्त्यावरून अचानक ट्रॅक्टर आडवा आला, त्यानं ब्रेक दाबला, एवढंच. ऋतिकचा गुडघा खरचटला. आदेशचा उजवा हात गाडीखाली सापडला. हाड जुळलं, पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकेनात. नसेचं काम आहे, वर्षभर वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले.

ऋतिक चार वेळा भेटायला गेला. चारही वेळा आदेश मोबाईलमधून मान वर न करता "बरंय" एवढंच म्हणाला. पाचव्यांदा गेला तेव्हा आदेश फिजिओकडे गेला होता आणि त्याची आई, कुशाबाई, शिपायांचे डबे जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकायच्या बेतात होती.

"नजरंला पडलं की जेवत न्हाई त्यो," ती म्हणाली.

"मावशी, माझ्याकडं द्या. मी पुरं करतो."

तिनं दिले. आदेशला दोघांनीही विचारलं नाही.

आणि आता महिना होत आला होता. शाळा सुटल्यापासून ऋतिकनं फाटकाला ऑईलपेंट लावण्यापलीकडे ब्रश धरला नव्हता. त्यानं व्हिडिओ बघितले, रंग मागवले. जर्मनांच्या गणवेशाला करडा म्हणतात, पण त्यात हिरवी झाक असते. हिरवा जरा जास्त झाला की शिपाई पोपटासारखे दिसत, कमी झाला की सिमेंटचे. तो खरवडायचा, पुन्हा लावायचा. कामावर असतानाही त्याच्या डोळ्यांपुढे तो करडा रंग नाचायचा, आणि मागून आदेशचा हात.

एके दिवशी त्याचा बाप, सोनबा, मेंढरं वाड्यात घालून आत आला आणि ट्रेवर वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "ही सगळी एकाच आईची लेकरं का रं?"

"म्हंजी?"

"तोंडं सारखीच हायत. आपली चाळीस मेंढरं हायत, दोघांची तोंडं सारखी नायत. ही तर माणसं."

ऋतिक चिडला. पण बाप गेल्यावर त्यानं एक शिपाई उचलला, गालाखाली जरा काळपट छटा दिली, दाढीचे खुंट केले, डोळ्यांखाली सावली ओढली. शिपाई एकदम थकलेला दिसायला लागला, चाळिशीतला, घर सोडून लई दिवस झाल्यासारखा. ऋतिकनं तो बाजूला ठेवला. त्याच्याकडे बघवेना, आणि न बघताही राहवेना.

दुसऱ्याच दिवशी कुशाबाईचा फोन आला. "त्यानं डबं हुडाकलं रं, गावलं न्हाईत. मी सांगून टाकलं, तुझ्याकडं हायत म्हनून."

रविवार होता. टोमॅटोचे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपला हात करून, ट्रे मांडीवर धरून ऋतिक पिंपळवंडीला पोचला. आदेश ओटीवरच बसला होता.

"कुणाला विचारून नेलंस?"

"कुणालाच नाय."

"हात गेलाय माझा. डोकं नाय गेलं. मला विचारायला काय झालं व्हतं?"

"मला घरात बसवत नव्हतं, आदेश. काय करू तेच कळंना."

"म्हंजी हे तुझ्यासाठी केलंस. माझ्यासाठी नाय."

ऋतिकनं ट्रे ओटीवर ठेवला. "व्हय," तो म्हणाला.

दारात उभी असलेली कुशाबाई आत निघून गेली. मग आदेशनं डाव्या हातानं एक बूच उचललं.

"ह्याच्या डोळ्यात पांढरा लई झालाय. भूत बघितल्यागत दिसतोय." दुसरं उचललं. "ह्याच्या तोंडाला हळद लावलीस का?" असं करत करत तो त्या थकलेल्या शिपायापाशी आला. तो उजेडाकडे धरून त्यानं फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा कुणी केला?"

"मीच."

"ह्याला आता हात लावू नको." त्यानं तो वेगळा ठेवला. "बाकीचे सगळे पुन्हा रंगवावे लागतील. बस खाली."

ऋतिक बसला. आदेश सांगत गेला, तो करत गेला. पाणी जास्त झालंय, ब्रश पुसून घे. आधी खोलगट जागा, मग उंचवटे. ऋतिकची नजर सारखी आदेशच्या मांडीवर पडलेल्या त्या उजव्या हाताकडे जात होती.

"माझ्या हाताकडं काय बघतोस? टोपीकडं बघ."

संध्याकाळपर्यंत तीनच शिपाई झाले. तिसऱ्याची बंदूक आदेशला पसंत पडली नाही. "पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला. आवाजात माया नव्हती.

ऋतिक दर रविवारी जात राहिला, मधल्या दिवसांत रात्री घरी बसून रंगवत राहिला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दोघं एसटीनं पुण्याला गेले. आदेश हुकूम सोडायचा, ऋतिक शिपाई सरकवायचा. पुलापाशी जर्मन फौज दुसऱ्याच तासात कोलमडली. अर्ध्या इंचावरून आदेश सार्थकशी इतका कडाकडा भांडला की बाकीची टेबलं थांबून बघायला लागली. जानेवारीनंतर ऋतिकनं त्याला पहिल्यांदाच भांडताना बघितलं.

परतीच्या गाडीत आदेश खिडकीशी बसला. अंगठा बोटाकडे नेत होता, तो पोचत नव्हता. ऋतिकला उठून उभं राहावंसं वाटलं, पण गाडी भरलेली होती.

मंचर मागे पडल्यावर आदेश म्हणाला, "तोफा राह्यल्यात. चार. त्यांचा रंग पिवळट असतोय, तुला जमणार नाय लवकर."

"बघू की," ऋतिक म्हणाला.