कांद्याच्या माळांत सीतेची वेणी

येसूबाईच्या तोंडून एकदा शब्द सुटला की तो माघारी येत नसे. फार वर्षांपूर्वी एका भांडणात ती नवऱ्याला म्हणाली होती, "आजपासून तुमच्या हातचं ताक मी पिणार न्हाय." भांडण कशावरून झालं ते पुढे दोघंही विसरली, पण भागोजीने घुसळलेल्या ताकाला तिने पुन्हा ओठ लावला नाही. दर उन्हाळ्यात ताक समोर येई, आणि येसूबाई त्याच्याकडे बघत बघत पाणी पिई.

अलिबागेमागच्या त्या गावात भात कापलं की त्याच रानात पांढऱ्या कांद्याचं रोप लागे. शिमग्याच्या सुमाराला कांदा निघे, आणि मग घरोघरी बाया पाती विणून त्याच्या माळा करत. येसूबाईची माळ तर अशी घट्ट, अशी देखणी, की नव्या नवरीने आपली वेणी पदराखाली लपवावी. पण या कामाला हात लागतात. लेक अनंता मुंबईत गिरणीला. घरात हात म्हणजे सून केसरचे. आणि ते हात दिवाळीला माहेरी गेले ते थेट रोपलावणी उरकल्यावर परत आले.

परत आले तेव्हा त्यांत एक लाकूड होतं.

"हे काय गो? आमच्याकडं सरपण न्हाय काय?" येसूबाईने विचारलं.

"सीतेची वेणी हाय, आत्याबाय," केसर म्हणाली. रोह्यापलीकडच्या डोंगरात तिचं माहेर. भावाच्या, नामाच्या लग्नाआधी घर वाढवायचं म्हणून दारचा आंबा तोडला होता, आणि आंब्याच्या फांदीवर वर्षानुवर्षं राहणारी ही सीतेची वेणी केसरने फांदीच्या तुकड्यासकट उचलून आणली होती. लांब जाड पानं, आणि लाकडाला मिठी मारून बसलेली पांढरट मुळं. "वैशाखात फुलती. अशी लांब लोंबती, गुलाबी ठिपक्यांची..."

"बांडगूळ हाय," येसूबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या खांद्यावर बसायचं नि नटायचं." हे लाकडाला म्हटलं की सुनेला, ते तिने उघडं केलं नाही.

बाहेर ठेवावं तर खारा वारा, आणि शेजारच्या मनुबाईची बकरी. म्हणून केसरने एका फुटक्या हंड्यात मळ्याची माती भरली, वेणी मुळांसकट तीत पुरली आणि हंडा देवाच्या फळीखाली अंधारात ठेवला. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर पाणी. जात्यावर बसली की तिचं गाणं त्या हंड्याकडेच वळे:

*माझ्या गं माहेरी, आंबा उभा दारी,*
*सीता वेणी घाली, त्याच्या खांद्यावरी.*

येसूबाई जात्याचा दुसरा खुंटा धरी आणि ऐकत राही. ओवीत आई येई, भाऊ येई, आंबा येई, माहेरची कपिला गाय येई. गाईचं वासरूसुद्धा येई. सासू मात्र कधी येत नसे. येसूबाई रोज वाट बघे आणि रोज पीठ भरून उठे.

देशाच्या तिसऱ्या निवडणुकीची शाई बोटावर होती तेव्हाची गोष्ट. ओटीवर मनुबाई बसली होती, भागोजी सुंभ वळत होता. केसरने पदराशी चाळा करत विचारलं, "आत्याबाय, नामाचं लगीन वैशाखात हाय. मी जरा आधी जाऊ?"

"जरा आधी म्हंजे दिवाळीसारखं?" येसूबाई उसळली. "कांदा निघायचा हाय, विणायचा हाय, उन्हाळभर राखायचा हाय! तुझं ते बांडगूळ फुललं की जा. त्याच्या आधी माहेरचं नाव काढू नको!"

भागोजीच्या हातातला सुंभ थांबला. त्याला ताक आठवलं असावं.

"येसूवयनी, मी ऐकलं हां," मनुबाई म्हणाली आणि बातमी गरम असतानाच उठून गेली.

त्या दिवसापासून त्या झाडाचे हाल सुरू झाले. केसर दोनाचे तीन तांबे पाणी घालू लागली. मनुबाईने ताक ओतायला सांगितलं. भागोजी सुनेच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने सुक्या मासळीचं खत आणून मुळाशी दाबलं. "माडाला चालतं, त्याला का न्हाय चालणार?" पहाटेचा गारवा लागू नये म्हणून केसरने हंड्याला आपली जुनी चोळी गुंडाळली. एवढं प्रेम झाल्यावर पानं पिवळी पडणार नाहीत तर काय! एक पान गळलं, दुसरं गळलं. देवाच्या फळीखालून असा वास येऊ लागला की मांजर देवाला नमस्कार केल्यासारखी तिथेच बसून राही.

मग कांदा निघाला. सासूसुनांनी माळा विणल्या आणि त्या टांगायला खोली रिकामी करायची वेळ आली. कांद्याच्या खोलीचे येसूबाईचे नियम होते: खिडकी पूर्वेची, ती उघडी, वारा खेळता, ऊन सकाळचं, तेही कोवळं, आणि पाण्याचा थेंब आत येता कामा नये. एक कांदा ओला राहिला की सबंध माळ नासते. देवाची फळी त्याच खोलीत. येसूबाईने हंडा पायाने पुढे सरकवला, नाक धरलं आणि माती उपसून काढली. मुळं काळी, बुळबुळीत झाली होती. तिने कुजकी मुळं विळीवर छाटली, लाकूड पुसलं आणि उंबरठ्याशी येऊन थांबली.

फेकून द्यायचं तर नाव सीतेचं. सीतेची वेणी उकिरड्यावर फेकायची म्हणजे पाप. ठेवायचं तर ही पोरगी पुन्हा पाणी ओतणार. येसूबाईने सुंभाचा तुकडा घेतला, शिडी लावली आणि खिडकीजवळच्या वाशाला, दोन माळांच्या मधे, ते लाकूड टांगून टाकलं.

"आता याला पाणी न्हाय, माती न्हाय," ती खाली उतरून म्हणाली. "कांद्यात राहायचं तर कांद्यासारखं राहायचं."

वाळून आपोआप जाईल, वादही मिटेल, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी जात्यावर केसर गायली नाही. त्यानंतरही नाही. नुसतं जातं घरघरत राही. लय गेली तसा हात चुकू लागला, पीठ जाडंभरडं पडू लागलं, भाकरी काठाला फाटू लागली. भागोजी भाकरी उजेडात धरून तिच्यातून आरपार बघे आणि म्हणे, "आज चांदणं बरं पडलंय."

येसूबाईला वाटे, सासू नसेना का ओवीत, त्या वासराचं तरी गा!

माळा फिरवायला ती अधूनमधून शिडीवर चढे. एका सकाळी ती वर गेली आणि तिथेच थबकली. वाळलेल्या लाकडावर एक नवं मूळ आलं होतं. राखेसारखं पांढरं, आणि टोकाला हिरवं, जसं पालीच्या पिल्लाचं बोट. वारा मिळाला, उजेड मिळाला, मातीच्या दाबातून सुटका झाली, आणि बांडगूळ हुशारलं होतं.

येसूबाईने आजूबाजूला पाहिलं. हे जगलं तर फुलणार. फुललं तर सून जाणार. तिने हात मागे घेतला. मग खाली जात्याचा मुका घरघराट ऐकला, पदराचं टोक भिजवून आणलं आणि त्या मुळावर पिळलं. पांढरं मूळ बघता बघता हिरवं झालं. येसूबाई इतकी दचकली की शिडीवरून पडता पडता राहिली.

मग तिला नादच लागला. मूळ पांढरं दिसलं की शिंपडायचं, हिरवं असलं की हात आवरायचा. तेही सकाळीच, दुपारपर्यंत सुकेल असं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं; शेजारी टांगलेल्या कांद्यांच्या भीतीने ती थेंबाथेंबाला जपत होती, एवढंच. कोणी विचारलं तर ती कांदे राखत होती.

पण एके दिवशी मनुबाई नेलेली माळ परत घेऊन आली. "येसूवयनी, कांद्याला बोंबलाचा वास येतो."

"तुझ्या हाताला येत असंल."

"माझ्या हाताला येतोच. पण कांद्याला पण येतो."

येसूबाईने माळ हुंगली. मग तिच्या मनात आलं, हल्ली मुळं पांढरी होतच नाहीत. आपण हात आवरतो, तरी कायम ओली. एकाचं टोक तर काळवंडलंय! दुसऱ्या दिवशी सकाळी केसर विहिरीवर आणि भागोजी रानात गेल्यावर ती शिडी चढून माळ्यावर, टांगलेल्या कांद्यांच्या आड दबा धरून बसली.

आधी दार हळूच उघडलं. केसर आली, हातात वाटीभर पाणी. तिने शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात मागून भागोजी आला, तांब्या धरून, तांब्यात मासळी धुतलेलं पाणी.

"मामंजी, तुम्ही?"

"अगो, तू?"

"मी कांदे बघायला..."

"मी पण. कांदेच."

"तरीच म्हटलं!" वरून आवाज आला, आणि दोघांच्या हातून वाटी आणि तांब्या एकदमच निसटला. "तिघांनी पाजलं तर मरंल न्हाय तर काय होईल ते!"

जमिनीवर मासळीचं पाणी वाहत होतं. भागोजीने बोटं मोजली, मग वर बघितलं.

"तिघांनी?" तो म्हणाला. "तिसरा कोण गो?"

येसूबाईने एक कांदा उगाचच दाबून पाहिला. "आता कोणी शिडीला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "मी लावीन." आणि उतरली ती थेट परसात निघून गेली. त्या सकाळी केसर जात्यावर गुणगुणली. शब्द नव्हते, पण भाकरी गोल झाली.

वैशाखात पानांच्या बगलेतून मांजराच्या पिल्लाच्या शेपटीसारखा एक तुरा निघाला आणि खाली झुकला. त्यावर कळ्या धरल्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या. केसर रोज खालून विचारी, "फुललं काय, आत्याबाय?" येसूबाई वरून सांगे, "न्हाय." कळ्या फुगत होत्या, पण उघडत नव्हत्या. लग्न जवळ आलं. बहिणीला न्यायला नामा दारात येऊन उभा राहिला, तरी कळ्या मिटलेल्याच.

मनुबाई निकाल ऐकायला हजर होतीच. "कळी म्हंजे काही फूल न्हाय," तिने आधीच सांगून टाकलं.

केसरने गाठोडं बांधलंच नव्हतं. ती भावासाठी चहा ठेवायला वळली. तिची पाठ बघून येसूबाई खोलीत गेली, शिडी चढली, उतरली आणि दाराशी येऊन म्हणाली:

"फुललं."

"खरंच? बघू!" केसर धावली.

"काही बघायला नको. कांदे हलतील." येसूबाईने शिडी उचलून भिंतीला आडवी टाकली. "शब्द म्हंजे शब्द. जा."

गाडीची धूळ बसल्यावर भागोजी गुपचूप शिडी लावून वर गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

"अगो, हे मिटलेलं हाय."

"तुमची नजर गेलीय."

"ताकाच्या वेळेला तुझ्या तोंडून असं एक खोटं निघालं असतं तर..."

"उतरा खाली."

जन्मात पहिल्यांदा येसूबाई खोटं बोलली होती, आणि ते खोटं तिच्या डोक्यावर वाशाला लोंबत होतं. तिला भाकरी गोड लागेना. ती पहाटे एकटीच जात्यावर बसे, गायला बघे, तर आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघे. मग शिडी चढून कळ्यांना म्हणे, "उघडा गो बायांनो. माझी लाज राखा."

लग्नाच्या आदल्या सकाळी तिने खिडकीशी पाहिलं. उन्हाची तिरीप आत आली होती, आणि पांढऱ्या कांद्यांच्या दोन माळांच्या मधे तिसरी माळ लोंबत होती: शुभ्र, गुलाबी ठिपक्यांची, वाऱ्याने हलकेच हलणारी. कोणी विणली असेल एवढी घट्ट? येसूबाईने आपल्या माळेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हार मानली.

"आवो," तिने हाक दिली, "रोह्याची एसटी किती वाजता हाय?"

संध्याकाळी मांडवाच्या दारात बायका हळद दळत होत्या आणि केसर जात्याशी बसली होती. एकदम गलका झाला. डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन येसूबाई येत होती. पाटीच्या काठावरून एका बाजूला पांढऱ्या कांद्याची माळ लोंबत होती, दुसऱ्या बाजूला सीतेची वेणी. मागून भागोजी, दमलेला. कंडक्टरने त्या लाकडाचं तिकीट मागितलं तेव्हा येसूबाईने जे भांडण केलं, ते भागोजीने नागोठण्यापर्यंत ऐकलं होतं.

"फुललं की जायचं, असं ठरलं होतं ना?" येसूबाई पाटी उतरवत म्हणाली. "फुललं. म्हणून मी पण आले."

केसरने तुऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांत वरची फुलं आज उमललेली, खालच्या टोकाच्या कळ्या अजून बंद. लहानपणापासून आंब्याखाली वाढलेली पोर ती. किती दिवसांचं फूल हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. येसूबाई मांडवाच्या खांबाकडे बघू लागली.

केसरने जात्याचा दुसरा खुंटा सासूपुढे केला, मूठभर हळकुंडं घातली आणि गळा मोकळा सोडला:

*आत्याबाय माझी, चढे गं शिडीवरी,*
*कांद्याच्या माळंत, सीतेची वेणी धरी.*

येसूबाईने खुंटा घट्ट धरला. "कांद्याचं कशाला घातलंस गो त्यात," ती पुटपुटली. मग जरा वेळाने, जातं फिरता फिरता, हळूच म्हणाली, "पुन्हा म्हण."