लवकरचा फोटो

सासऱ्याचा सीटी स्कॅन डॉक्टरांना दाखवलं त्याच दिवशी उरकला, तर अजिनाथचा नफा सरळ होता. पिशोरकडं चारा-पाणी संपल्यावर त्याचे सासू-सासरे, आक्काबाई आणि मुंजाबा, शहरात पुंडलिकनगरला लेकीकडं आले, ते गाभण मेंढी घेऊनच. ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधलेली असायची, आदल्याच दिवशी तिथं व्याली. टँकरच्या पाण्यात तिचा वाटा कोणत्या फ्लॅटचा, हे शेजारी रोज विचारायचे. रिपोर्ट चांगला आला, की अजिनाथ दोघांना मेंढीसकट चितेगावला आपल्या भावाकडं पोचवणार होता.

मुंजाबाच्या पोटातली कळ पाठीपर्यंत जात होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, रक्ताच्या तपासणीत स्वादुपिंडाची सूज.

"सीटी आज नको," डॉक्टर मोनिका म्हणाल्या. "सुजेनं आत काय केलं, ते फोटोत उमटायला तीन-चार दिवस लागतात."

"मशीन नवं असलं तर आजच दिसंल की, मॅडम," म्हणत अजिनाथनं सासऱ्याला ओळखीच्या सेंटरवर नेऊनही आणलं. रिपोर्टात होतं, थोडी सूज, बाकी ठीक. अजिनाथनं 'बाकी ठीक' तेवढं मोठ्यानं वाचलं.

मेंढीचा पहिला चीक देवाला, दुसरा घरच्या धन्याला, ही आक्काबाईच्या घरची रीत. तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, पण फोटोच चांगला म्हटल्यावर कशाची वाट बघायची? तिनं वॉर्डात पदराआडून नवऱ्याला खरवसाचे दोन घास भरवले.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली, मुंजाबाला आयसीयूत हलवलं. आक्काबाई बाहेर भिंतीला टेकून बसली.

"मामी, दोन घास खा," अजिनाथ म्हणाला.

आक्काबाईनं डबा मागं सारला. "तुमचा फोटो चांगला व्हता, जावईबापू. वंगाळ माझा हात."

चौथ्या दिवशी शिरेतून फोटो उजळायचं औषध सोडून पुन्हा सीटी झाला. डॉक्टरांनी आक्काबाईला पडद्यासमोर बसवलं.

"मावशी, हे उजळलंय ते जिवंत. हा स्वादुपिंडाचा काळा तुकडा मेलाय."

"चिकानं?"

"नाही. खडा नळीत अडकला तेव्हाच हे सुरू झालं होतं."

"मग पहिला फोटो खोटा?"

"खोटा नाही, लवकरचा. आत पू दिसत नाही. चाकू लावायचा नाही, धीर धरायचा."

अजिनाथनं पहिला रिपोर्ट घडी करून खिशात सारला. आक्काबाई तोंडाला पदर लावून रडली, मग आत गेली. मुंजाबानं नर्सला आधीच सांगून ठेवलं होतं, चीक म्याच मागून खाल्ला, हिला बोलू नका.

"कवा मागितला वो? झोपंत?"

"झोपंत मागितला तरी तू दिला असता."

महिन्याभरानं मुंजाबा आपल्या पायांनी घरी आला. तुकडा खड्यानं नेला, तो तोटा मुंजाबाच्या नावे. घाईचं देणं मात्र अजिनाथचं. ते आक्काबाईनं रिकाम्या पोटी फेडलं, आणि जावयाकडं कधी पावती मागितली नाही.